रक्तातील हृदयताणाचे अंक आणि मधुमेह

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांच्या भिंती आतल्या रक्ताच्या दाबाने ताणल्या गेल्या की तिथल्या स्नायुपेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी तयार करतात. रक्तात उतरताना तिचे दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी हे संप्रेरक. उरलेला ७६ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. बीएनपी कामाचे असते. ते मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावते, रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा भार उतरवते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण वीस मिनिटांत निम्मे होते. दुसरा तुकडा स्वतः काही करत नाही, पण रक्तात अधिक वेळ टिकतो. म्हणून प्रयोगशाळेत मोजायला तोच सोयीचा ठरतो. हृदय केवळ रक्त ढकलणारा स्नायू नाही, ते संप्रेरकही सोडते, हे १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांच्या प्रयोगाने दिसले. उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचल्यावर लघवीवाटे पाणी आणि मीठ झपाट्याने बाहेर पडू लागले. त्या अर्कातल्या संप्रेरकाला एएनपी म्हणतात. बीएनपी जपानी संशोधकांना १९८८ मध्ये सापडले.

दुसरा मोजला जाणारा पदार्थ म्हणजे ट्रोपोनिन. तो हृदयाच्या स्नायुपेशींच्या आत असतो आणि पेशीला इजा झाली की रक्तात झिरपतो. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी तो पूर्वीपासून वापरला जातो. नव्या अतिसंवेदनशील चाचण्या त्याचे इतके बारीक प्रमाण टिपतात की झटका न येता वर्षानुवर्षे होणारी मंद झीजही लक्षात येते. थोडक्यात, एनटी-प्रोबीएनपी हृदयावरचा ताण सांगते आणि ट्रोपोनिन हृदयाची झीज सांगते.

या दोन्ही अंकांचा मधुमेहाशी संबंध आहे, पण तो एकाच दिशेचा नाही. बहुतेक गोंधळ इथेच होतो. मधुमेह जडल्यानंतर हे अंक वाढलेले असतील तर हृदय अडचणीत येत असल्याची ती खूण असते. मधुमेह होण्याआधीच्या वर्षांत मात्र, वरकरणी निरोगी माणसांमध्ये, एनटी-प्रोबीएनपी कमी असणाऱ्यांनाच पुढे मधुमेह अधिक प्रमाणात झालेला आढळतो. एकच चाचणी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन उलट उत्तरे देते. त्यामुळे अहवाल हातात घेण्यापूर्वी प्रश्न कोणता विचारला आहे, हे ठरलेले असावे लागते.

आधी मधुमेहानंतरची गोष्ट. मधुमेह आणि हृदय यांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात त्या चोंदलेल्या रक्तवाहिन्या आणि झटका. हृदयाचे पंप म्हणून बळ कमी होत जाणे, ज्याला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात, ते मात्र मागे पडते. १९७२ मध्ये शर्ली रूब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मधुमेही रुग्ण नोंदवले, ज्यांच्या हृदयाच्या मुख्य रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही हृदय निकामी झाले होते. १९७४ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम पाहणीतून दिसले की मधुमेही पुरुषांना हार्ट फेल्युअरचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो, आणि मधुमेही स्त्रियांना सुमारे पाचपट. पन्नास वर्षे झाली तरी स्त्रियांबाबतचा हा इशारा आपल्याकडच्या घरांत पुरेसा पोहोचलेला नाही. जिना चढताना लागणारी धाप वयावर, वजनावर किंवा घरकामाच्या थकव्यावर ढकलली जाते आणि तपासणी लांबणीवर पडते.

यामागची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. सतत वाढलेल्या साखरेमुळे हृदयाच्या स्नायूत तंतुमय ऊती साचतात आणि तो ताठर होतो. ताठर भिंत दोन ठोक्यांच्या मध्ये नीट सैल पडत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. स्नायूतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात. जोडीला बहुधा उच्च रक्तदाब आणि दुबळी होत चाललेली मूत्रपिंडे असतातच. हे सगळे कोणतेही लक्षण न दाखवता काही वर्षे चालू राहते, पण रक्तात उमटते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या कुणालाही हृदयविकाराचे निदान झालेले नव्हते. तरीही टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांपैकी ३३.४ टक्के लोकांत या दोनपैकी निदान एक अंक वाढलेला होता. मधुमेह नसलेल्यांत हे प्रमाण १६.१ टक्के होते. मधुमेहपूर्व अवस्थाही निर्दोष नाही. अमेरिकेतील चार वस्त्यांमध्ये १९८७ पासून चाललेल्या ‘एरिक’ या दीर्घ पाहणीत, साखर नुकतीच चढू लागलेल्यांच्या रक्तातही काही वर्षांत ट्रोपोनिन वाढण्याचे प्रमाण साखर नॉर्मल असणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले.

आता उलटी बाजू, जी शास्त्रीयदृष्ट्या अधिक रंजक आहे. याच एरिक पाहणीत एनटी-प्रोबीएनपी सर्वांत कमी असलेल्या गटाला पुढच्या काळात मधुमेह अधिक झाला. स्वीडनमधील माल्मो शहरातल्या पाहणीत एएनपीबाबतही तसेच दिसले. हृदयाची संप्रेरके केवळ मिठापाण्यापुरती नाहीत, हे कळल्यावर याचा उलगडा होऊ लागतो. माणसाच्या चरबीपेशींवर त्यांचा थेट परिणाम होतो: साठलेली चरबी मोकळी होऊन वापरात येते आणि काही चरबीपेशी ऊर्जा साठवण्याऐवजी उष्णतेच्या रूपाने खर्च करू लागतात. ही संप्रेरके पुरेशी असली तर शरीराला चरबी आणि साखर हाताळणे सोपे जाते. पण त्याच चरबीपेशींवर ही संप्रेरके रक्तातून काढून टाकणारे ग्राही रेणूही असतात. चरबी वाढली की ते वाढतात आणि रक्तातल्या इन्शुलिनची पातळी चढली की त्यांना आणखी जोर मिळतो. म्हणून स्थूल माणसात हृदयाची संप्रेरके कमी आढळतात, ती कमी पडली की चरबी हाताळण्याची क्षमता घटते आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. निदान एक शक्यता तरी अशी आहे.

शक्यता म्हणण्याचे कारण असे की कमी एनटी-प्रोबीएनपी हे मधुमेहाचे कारण आहे की पोटाच्या चरबीची आणि इन्शुलिनच्या बिघाडाची नुसती सावली, यावर मतभेद आहेत. इंग्लंडमधील नॉरफोकच्या पाहणीवर आधारलेल्या २०११ च्या अभ्यासात, जन्मतःच बीएनपी थोडे जास्त बनवणारा जनुकीय फरक असलेल्या लोकांना मधुमेहाचा धोका किंचित कमी आढळला. जनुके वजनाच्या आधी ठरतात, त्यामुळे हा पुरावा कारणाच्या बाजूने झुकतो. पण ‘किंचित’ हा शब्द विसरू नये. ट्रोपोनिनची दिशा इथे वेगळी आहे. एरिकमध्येच, सुरुवातीला ट्रोपोनिन थोडे वाढलेल्यांना पुढे मधुमेह अधिक झाला. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा बिघाड साखर वाढण्याच्या आधीच सुरू होतो आणि तो हृदयात प्रथम दिसतो, हे याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

यातून व्यवहारात निघणारी पहिली गोष्ट अशी: ज्याला मधुमेह नाही आणि हृदयाची कोणतीही तक्रार नाही, त्याने मधुमेहाचा धोका जाणण्यासाठी ही चाचणी करून घेण्याचे कारण नाही. कमी अंक आला म्हणून मधुमेह होणारच असे नाही. एखाद्या ‘संपूर्ण तपासणी’च्या पॅकेजमध्ये हा अंक आलाच आणि तो कमी असला, तर हृदयावर ताण नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. लोकांच्या मोठ्या गटांत दिसणारा कल एका माणसाचे भविष्य सांगू शकत नाही, आणि त्याहून स्वस्त, नेमकी साधने हाताशी आहेत.

त्यातले सर्वांत सोपे साधन चेन्नईतील डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी तयार केले. त्याला एक थेंबही रक्त लागत नाही. वय ३५ च्या खाली असल्यास शून्य, ३५ ते ४९ असल्यास २० आणि ५० च्या पुढे ३० गुण. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असल्यास शून्य, त्याच्या वरच्या दहा सेंटिमीटरपर्यंत १० आणि त्यापुढे २०. नियमित व्यायामही आहे आणि कामही कष्टाचे आहे तर शून्य, दोन्हींपैकी एक असल्यास २०, बैठे काम आणि व्यायाम नाही तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असल्यास १०, दोघांना असल्यास २०. बेरीज ६० किंवा अधिक झाली तर धोका मोठा. पुण्यात संगणकासमोर काम करणारा ४२ वर्षांचा पुरुष घेतला, कंबर ९४ सेंटिमीटर, व्यायाम नाही, वडिलांना मधुमेह, तर त्याची बेरीज ७० होते. अशा माणसाने उपाशीपोटीची साखर आणि साखरेची काही महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासावी. एनटी-प्रोबीएनपीची त्याला गरज नाही.

कंबर मोजताना पँटच्या पट्ट्याचा आकडा धरू नये. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता मोजावी. हा आकडा आपल्याकडे वजनापेक्षा बोलका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि लंडनमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीदार असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. प्रौढांमधले देशातले प्रमाण ११.४ टक्के, तर सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असल्यास मधुमेहपूर्व अवस्था. साखर १२६ किंवा एचबीए१सी ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. लक्षणे नसतील तर निदान दुसऱ्या तपासणीने पक्के करावे. एचबीए१सीवर रक्ताच्या आजारांचा परिणाम होतो. लोहाच्या कमतरतेने तो अंक फुगू शकतो. सिकलसेलमध्ये तो फसवा येतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल असलेल्यांनी म्हणून थेट साखरेच्या तपासणीवरच भर द्यावा.

मधुमेहाचे निदान झालेले असेल तर मात्र चित्र बदलते आणि हृदयताणाचा अंक उपयोगी पडू लागतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०२२ च्या तज्ज्ञ अहवालाने मधुमेहींमध्ये, लक्षणे नसली तरी, वर्षातून निदान एकदा बीएनपी, एनटी-प्रोबीएनपी किंवा अतिसंवेदनशील ट्रोपोनिन तपासावे असे सुचवले. बीएनपी ५० किंवा एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, अथवा त्याहून जास्त असेल, तर पुढचा शोध घ्यावा, असा त्यातला निकष आहे. मधुमेहाला बरीच वर्षे झालेले, रक्तदाब असलेले, लघवीतून प्रथिने जाणारे, मूत्रपिंडाचे काम घटलेले किंवा कंबर मोठी असलेले रुग्ण यांनी हा विषय डॉक्टरांकडे आधी काढावा. सर्वच मधुमेहींना दरवर्षी हा खर्च परवडणार नाही. तेव्हा डोळ्यांची, पायांची, लघवीतील अल्ब्युमिनची आणि क्रिएटिनिनची तपासणी सोडून या चाचणीवर पैसे घालवू नयेत.

चाचणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. जोरदार व्यायामानंतर, ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ती टाळावी. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये बायोटिन जास्त मात्रेत असते आणि काही यंत्रांवर ट्रोपोनिनचा अंक त्यामुळे खोटा कमी येतो. अशा गोळ्या चालू असल्यास प्रयोगशाळेला आधी सांगावे. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या वेगळ्या चाचण्या आहेत, त्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरी केली तर तुलनेला काही उरत नाही. शक्यतो तीच चाचणी, त्याच प्रयोगशाळेत करावी.

अंक वाचताना माणूसही पाहावा लागतो. वय वाढते तसा एनटी-प्रोबीएनपी चढतो. पंचाहत्तरीच्या पुढे १२५ ची रेषा हृदय ठीक असतानाही ओलांडली जाते. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा थोडा जास्त असतो. मूत्रपिंडे दुबळी असतील, ठोके अनियमित पडत असतील, रक्त कमी असेल किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तरीही तो वाढतो. स्थूलपणामुळे मात्र तो दबतो, आणि मधुमेहींमध्ये हाच मोठा सापळा आहे. १०० किलो वजनाच्या, धाप लागणाऱ्या, संध्याकाळी पाय सुजणाऱ्या रुग्णाचा अंक ९० आला म्हणून त्याला घरी पाठवणे चूक ठरू शकते. तक्रार आणि अंक जुळत नसतील तर विश्वास तक्रारीवर ठेवावा आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यावा.

अंक वाढलेला निघाला म्हणजे हार्ट फेल्युअर झाले असे नाही. ईसीजी, इको, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि नीट मोजलेला रक्तदाब ही पुढची पायरी. या टप्प्यावर काही करता येते, म्हणून तर ही तपासणी करायची. आयर्लंडमधील १,३७४ लोकांच्या चाचणीत एका गटाचे बीएनपी तपासून ते ५० च्या वर गेलेल्यांना इको आणि तज्ज्ञांची देखरेख देण्यात आली. त्या पूर्ण गटात हृदयाचे काम बिघडण्याचे किंवा हार्ट फेल्युअरचे प्रमाण ५.३ टक्के राहिले, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ८.७ टक्के. ऑस्ट्रियातील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या दुसऱ्या चाचणीत हृदयविकार नसलेले, पण एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या वर असलेले ३०० मधुमेही रुग्ण होते. रक्तदाबाची आणि हृदयाचे ठोके आवरणारी औषधे पूर्ण मात्रेपर्यंत वाढवलेल्यांमध्ये हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू दोन वर्षांत ६५ टक्क्यांनी घटले. चाचणी लहान होती, पण तिचा निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

वाढलेल्या अंकामुळे साखरेच्या गोळ्यांची निवडही बदलू शकते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन यांसारखी लघवीवाटे साखर बाहेर काढणारी औषधे हृदयाला आधार देतात. २०१५ च्या मोठ्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनने हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात जाण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी केले. याउलट पायोग्लिटाझोनमुळे अंगात पाणी साठते, आणि सॅक्साग्लिप्टिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअरमुळे दाखल होण्याचे प्रमाण २०१३ मध्ये २७ टक्के जास्त आढळले. आपल्याकडे एकाच गोळीत दोनतीन औषधे असतात, पायोग्लिटाझोनही त्यांत असते. गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवून त्यात नेमके काय आहे हे विचारावे. स्वतःहून बंद मात्र करू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणून रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही मीठ आणि पाणी अडवून ठेवतात. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठ मोजणीत धरले जात नाही; भाजीत मीठ कमी केल्याचे समाधान तिथेच वाया जाते.

छातीत दडपण, अचानक धाप, घाम, आडवे पडल्यावर श्वास कोंडणे अशा वेळी प्रयोगशाळेत रक्त देऊन अहवालाची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे. मधुमेहात नसा बधिर झाल्याने झटका न दुखताही येतो. तेव्हा नुसती धाप किंवा विचित्र थकवासुद्धा त्याचे लक्षण असू शकते. तिथे ईसीजी लगेच काढतात आणि ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासतात, कारण एका अंकापेक्षा त्यातली चढउतार अधिक सांगते.

उपचार सुरू झाल्यावर अंक पुन्हा तपासताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सॅक्युबिट्रिल असलेले औषध चालू असेल तर बीएनपी वाढलेले दिसते, कारण ते मोडणारे विकरच हे औषध रोखते. अशा रुग्णाने एनटी-प्रोबीएनपीच तपासावे. आणि वजन बरेच उतरले तर पूर्वी दबलेला अंक थोडा वर सरकू शकतो. तो १२५ च्या आत असेल, धाप किंवा सूज नसेल, तर चरबी कमी झाल्यामुळे झालेला हा बदल आहे असे धरून पुढची तपासणी वर्षभराने करावी.